मंगल कार्यालयाच्या साइटवर जुगार! फॉर्मच्या प्लगइनमधून कोण घुसलं? (नागपूर)

बेसारोडवाला — शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, मी नागपुरात लहानसहान दुकानांच्या, क्लासेसच्या वेबसाइट्स बनवतो आणि सांभाळतो. एकटाच आहे. ऑफिस म्हणजे घरातली मागची खोली आणि एक कूलर. बेसा रोडकडच्या एका मंगल कार्यालयाची साइट माझ्याकडे आहे. वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर. चार-पाच पानं, हॉलचे फोटो, नकाशा आणि चौकशीचा फॉर्म. नाव, मोबाईल, तारीख, पाहुणे अंदाजे किती, निरोप. बस.

परवा मालक काकांचा फोन आला. एका मुलीचे वडील त्यांना म्हणाले, "तुमची साइट उघडली तं तिथं पत्ते खेळाले बोलावून राहिले." काकांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं, साइट ठीक. मी माझ्या लॅपटॉपवर पाहिलं, ठीक. म्हटलं त्या गृहस्थांनीच काही भलतं दाबलं असेल. मग बायकोच्या मोबाईलवर गुगलमध्ये कार्यालयाचं नाव टाकून लिंक दाबली, तर थेट जुगार. मागे येऊन पुन्हा दाबली, तर आपली साइट, हॉलचे फोटो, सगळं साळसूद. म्हणजे मोबाईल पाहिजे, गुगलवरून आलेला पाहिजे, लॉगिन केलेला नको, आणि एका फोनला एकदाच. घरच्यांना दिसूच नये अशी सोय.

आत वापरकर्त्यांच्या यादीत गेलो. वर लिहिलंय "प्रशासक (३)". खाली ओळी दोनच. एक मी, एक काका.

तिसरा कोण बे?

पासवर्ड माझा २० अक्षरांचा. काकांचाही मीच ठेवलेला. माझा संशय फॉर्मच्या प्लगइनवर, म्हणजे फॉर्मसाठी वर्डप्रेसला जोडलेल्या तयार तुकड्यावर आहे. नाव आत्ता देत नाही, खात्री झाल्याशिवाय कुणाच्या नावानं बोंब मारणं बरं नाही. असं कुणाचं झालंय का?

तर्री_जास्त — शनिवार, रात्री ११:५२

प्लगइनची पैसेवाली आवृत्ती टेलिग्रामवरून फुकट उतरवली असशील. खरं सांग राजा, इथं कोणी मारत नाही.

बेसारोडवाला — शनिवार, रात्री ११:५५

नाही भाऊ. फुकटचीच आवृत्ती, वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातली. पण विचारलंस ते बरोबर. मीही दुसऱ्याला आधी हेच विचारलं असतं.

जुनंखोड — रविवार, सकाळी ७:१०

आकडा तीन आणि ओळी दोन, ही खूण ओळखीची आहे. आत आलेला माणूस थीमच्या फाइलमध्ये किंवा खास फोल्डरात चार ओळींचा कोड ठेवतो: यादी दाखवताना माझं नाव गाळ. पण वरचा आकडा वेगळ्या हिशेबाने मोजला जातो, तिथे गाळायचं तो विसरतो. डेटाबेसमध्ये थेट जाऊन युझर्सचं टेबल उघडा, तिसरा तिथे बसलेला दिसेल. त्याची नोंदणीची तारीख आणि वेळ सेकंदासकट लिहून ठेवा. लगेच पुसू नका. आधी पूर्ण साइटची आणि डेटाबेसची प्रत काढा.

दुसरं: फॉर्मच्या नोंदी कोण उघडून बघतं, आणि कुठल्या खात्यातून?

बेसारोडवाला — रविवार, सकाळी ९:३०

सापडला. नोंदणी मंगळवारी, दुपारी ४ वाजून १२ मिनिटं ३७ सेकंद.

नोंदी काकाच बघतात. त्यांना सगळं दिसलं पाहिजे म्हणून मीच प्रशासकाचं खातं देऊन ठेवलं होतं. आणि आता आठवतं, मंगळवारी चारच्या सुमारास त्यांचा फोन होता, "एक चौकशी आली, नाव टेस्ट, तारीख नाही, पाहुणे १. कोणी मस्करी करून राहिलं का?" मी म्हटलं, सोडून द्या.

जुनंखोड — रविवार, सकाळी ९:४१

मग झालं. काकांनी ती नोंद उघडली, त्याच क्षणी त्यांच्या ब्राउझरने त्यांच्याच अधिकाराने तिसरा प्रशासक तयार केला. स्टोअर्ड एक्सएसएस म्हणतात याला. पासवर्ड २० अक्षरांचा असो की २००, तो कुणी विचारलाच नाही.

गोकुळपेठची_सून — रविवार, सकाळी ११:०५

मी या धंद्यातली नाही. माझी पापड-कुरडयांची साइट आहे आणि तिच्यावरही फॉर्म आहे, म्हणून जीव वरखाली होतोय. नुसती नोंद उघडल्याने कसं काय काही होतं? काकांनी कुठे काही दाबलं नाही ना?

बेसारोडवाला — रविवार, दुपारी १२:२०

ताई, लग्नातलंच उदाहरण घ्या. आहेराची चिठ्ठी माईकवाल्याकडे जाते आणि तो वाचतो, "अमुक अमुक यांच्याकडून ५०१ रुपये." आता कुणी चिठ्ठीत नावाच्या जागी लिहिलं, "मंडळी, जेवणाची पंगत बसली आहे, सगळ्यांनी चला." माईकवाला समोर येईल ते वाचणारा. चिठ्ठीतलं नाव कुठे संपलं आणि सूचना कुठे सुरू झाली, हे त्याला कळत नाही. मांडव उठतो आणि मंगलाष्टकं अर्धवट राहतात. लोक कशामुळे उठले? आवाज कार्यालयाच्या माईकवरून आला म्हणून. चिठ्ठी कुणाची होती हे कुणाला दिसत नाही.

ब्राउझर म्हणजे तो माईकवाला. प्लगइनने पाहुण्याचं नाव पानावर जसंच्या तसं छापलं, आणि त्या नावात कोनी कंसातला स्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरने चालवायच्या कोडचा, टॅग असला, तर ब्राउझर त्याला नाव समजत नाही, हुकूम समजतो. आणि तो हुकूम कार्यालयाच्या साइटचाच आहे असं मानून पाळतो. टॅग इथं लिहून दाखवत नाही. उगाच कुणी उचलून कुठं चिकटवायचं.

गोकुळपेठची_सून — रविवार, दुपारी १२:३४

समजलं. आमच्या नणंदेच्या लग्नात माईकवाल्याने चिठ्ठीवरचा "पाकीट रिकामे आहे" हा घरच्यांचा शेरासुद्धा वाचला होता.

व्हीसीए_स्टँड — रविवार, दुपारी १:१५

लॉगिनची कुकी, म्हणजे ब्राउझरकडे ठेवलेली ओळखचिठ्ठी, चोरली असणार. एक्सएसएस म्हणजे कुकीचोरी, कॉलेजात हेच शिकवलं. दोघांचेही पासवर्ड बदला, विषय संपला.

जुनंखोड — रविवार, दुपारी २:००

कॉलेजातलं पुस्तक जुनं आहे. वर्डप्रेसच्या लॉगिन कुकीवर एचटीटीपी-ओन्ली अशी खूण असते, म्हणजे पानावरच्या स्क्रिप्टला ती वाचताच येत नाही. पण वाचायची गरजही नाही. स्क्रिप्ट काकांच्या ब्राउझरमध्येच बसलेली आहे. तिने "नवा वापरकर्ता" हे पान गुपचूप मागवलं. त्या पानात एक लपलेला परवाना असतो, नॉन्स म्हणतात. फॉर्म खरोखर आपल्याच पानावरून भरला गेला याची ती खूण. स्क्रिप्टने तो परवाना उचलला, नव्या प्रशासकाचं नाव भरलं आणि पाठवून दिलं. कुकी ब्राउझरने आपणहून सोबत लावली. किल्ली चोरावी लागली नाही, घरमालकाच्या हातानेच दार उघडून घेतलं. एक सेकंदसुद्धा लागत नाही. ४:१२:३७ हा त्याचाच हिशेब आहे.

आणि पासवर्ड बदलून विषय संपत नाही. तिसरा माणूस आत बसलेलाच आहे.

जाता जाता: २००५ च्या ऑक्टोबरात मायस्पेस या सोशल साइटवर सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या पोराने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये अशीच स्क्रिप्ट पेरली होती. जो ते प्रोफाइल बघेल तो सॅमीचा मित्र व्हायचा, आणि स्क्रिप्ट त्याच्याही प्रोफाइलमध्ये उतरायची. २० तासांच्या आत दहा लाखांवर खाती. तिथेही कुणी काही दाबलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

तर्री_जास्त — रविवार, दुपारी २:२२

एक्सएसएसचं पूर्ण नाव मला कधी पटलं नाही. क्रॉस साइट स्क्रिप्टिंग. इथं तर सगळं एकाच साइटवर झालं, क्रॉस कुठं आहे? आणि आद्याक्षरं सीएसएस व्हायला पाहिजेत.

जुनंखोड — रविवार, दुपारी २:३०

नाव २००० सालच्या सुरुवातीचं, मायक्रोसॉफ्टमधल्या मंडळींनी ठेवलेलं. तेव्हा एका साइटवरून दुसऱ्या साइटमध्ये स्क्रिप्ट ढकलण्याचे प्रकार डोळ्यासमोर होते. सीएसएस हे नाव साइटचं रंगरूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटने आधीच घेतलेलं, म्हणून एक्स. आता नाव चिकटलं ते चिकटलं. सीताबर्डीला कुणी सीताबर्डी म्हणतं का? बर्डीच.

बेसारोडवाला — रविवार, रात्री १०:४५

आता खरी गंमत ऐका. दिवसभर त्या "टेस्ट" नोंदीवर बसलो होतो. नाव: टेस्ट. मोबाईल: दहा आकडे. निरोप: हॅलो. एकाही रकान्यात कोनी कंस नाही. प्लगइनचा कोड उघडला, नाव आणि निरोप दोन्ही छापताना बरोबर एस्केप केलेले. म्हणजे "लेस दॅन" चिन्ह आलं तर त्याच्या जागी अँपरसँड, एलटी, अर्धविराम असं लिहायचं, म्हणजे ब्राउझर ते चिन्ह नुसतं दाखवतो, पाळत नाही. सगळं नीट. मला वाटलं आपलाच संशय चुकला, बिचाऱ्या प्लगइनवर उगाच आळ घेतला.

मग होस्टिंगवरचे जुने लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याच्या सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, उतरवले. महिनाभराचे दाबून ठेवलेले असतात, नशीब. त्या नोंदीच्या वेळेची ओळ शोधली. तारीख, पत्ता, पान, आणि शेवटी जिथे ब्राउझरचं नाव असतं, क्रोम की फायरफॉक्स, कुठला फोन, तिथे अख्खा स्क्रिप्टचा टॅग!

नोंदीच्या पानावर अगदी तळाशी बारीक करड्या अक्षरांत प्लगइन "पाठवणाऱ्याचा ब्राउझर" दाखवतो. मी आजवर तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बनवणाऱ्याने सगळे रकाने सांभाळले आणि हा एक तसाच सोडला. कारण साधं आहे, हे माणसाने टाइप केलेलं नाही, ब्राउझरने आपोआप पाठवलेलं आहे, त्यात काय असणार? पण ब्राउझरची ही ओळख म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतःच सांगितलेलं नाव. ज्याला मनात आलं त्याने त्यात रामरक्षा लिहून पाठवावी, सर्व्हर मुकाट घेतो.

फॉर्मवर जो रकानाच नाही, त्या रकान्यातून आला हो.

व्हीसीए_स्टँड — रविवार, रात्री ११:०२

मानलं. कुकीवाली कमेंट मागे घेतो.

मग उपाय सोपा आहे ना, येतानाच गाळा. सगळ्या रकान्यांत फक्त ए ते झेड आणि आकडे चालतील असा नियम लावा. कोनी कंस आला की फॉर्म परत.

पोट्टा_खामल्याचा — सोमवार, सकाळी ८:४०

हे मी केलंय आणि शिव्या खाल्ल्यात. एका क्लासच्या प्रवेशाचा फॉर्म होता. ए ते झेडचा नियम लावला तर देवनागरीत नाव लिहिणारी पोरं बाहेर. देवनागरी चालू केली तर डिसोझा नावाची मुलगी बाहेर, तिच्या आडनावात अपॉस्ट्रॉफी. शेवटी नियम काढला आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं टॅग पुसणारं फंक्शन लावलं, स्ट्रिप-टॅग्ज. एका पालकाने शेऱ्यात लिहिलं होतं, "ओबीसी, उत्पन्न <८ लाख, नॉन क्रिमिलेयर आहे". पानावर उरलं, "ओबीसी, उत्पन्न". फंक्शनला वाटलं टॅग सुरू झाला, पुढचं सगळं गिळलं. ऑफिसातल्या मॅडमनी पालकांना फोन करून झापलं की माहिती अर्धवट काऊन भरता.

जुनंखोड — सोमवार, सकाळी ९:१५

याच्यासारखं उदाहरण शोधून सापडायचं नाही. येताना तपासा जरूर, मोबाईल असेल तर दहा आकडेच घ्या, तारीख असेल तर तारीखच. पण खरी राखण बाहेर पडताना. नाव हे नावच आहे, त्यात कोनी कंस असला तर असू द्या, डेटाबेसमध्ये तसंच ठेवा. ते कुठे छापताय त्यावर ठरवा. पानाच्या मजकुरात छापताना वेगळं एस्केप, टॅगच्या आतल्या अवतरणात वेगळं, लिंकमध्ये वेगळं, जावास्क्रिप्टमध्ये वेगळं. वर्डप्रेसने या प्रत्येकासाठी तयार फंक्शन दिलेलं आहे. शिवाय केएसईएस नावाची गाळणी आहे, ती ठरलेलेच टॅग ठेवते आणि बाकीचे काढते. सगळं हाताशी आहे, फक्त दरवेळी आठवणीने लावावं लागतं. शंभर जागी लावलं आणि एका जागी राहिलं, की हा धागा तयार होतो.

आणि एक्सेलची नोंद घ्या. या नोंदी उतरवून काका एक्सेलमध्ये उघडत असतील. तिथे नाव "बरोबर" या चिन्हाने सुरू झालं तर एक्सेल ते सूत्र समजतं. कोनी कंस नाही, स्क्रिप्ट नाही, पण खोड तीच.

गोकुळपेठची_सून — सोमवार, सकाळी १०:३०

मी काय करू ते सांगा, बाकी तुमचं चालू द्या.

बेसारोडवाला — सोमवार, सकाळी १०:५०

ताई, प्लगइन, थीम, वर्डप्रेस तिन्ही अद्ययावत करा. नोंदी बघायला स्वतःसाठी संपादकाचं किंवा त्याहून कमी अधिकाराचं वेगळं खातं करा, प्रशासकाचं खातं फक्त दुरुस्तीला. म्हणजे उद्या असलं काही उघडलं तरी नवा प्रशासक बनवायचा अधिकारच त्या खात्यात नाही. काकांच्या बाबतीत मी एवढं केलं असतं तरी निभावलं असतं. आणि वापरकर्त्यांच्या यादीतला आकडा नि ओळी आजच मोजून घ्या.

गोकुळपेठची_सून — सोमवार, सकाळी ११:१०

एक आणि एक. हुश्श.

तर्री_जास्त — सोमवार, दुपारी १२:४०

बेसारोड, तुझ्या प्लगइनची दुरुस्त आवृत्ती आली होती का आधी?

बेसारोडवाला — सोमवार, दुपारी १:०५

आली होती. पाच आठवडे आधी. बदलांच्या यादीत एक ओळ: "सुरक्षेसंबंधी किरकोळ सुधारणा". आपोआप अपडेट मीच बंद करून ठेवलं होतं, कारण मागे भर लग्नसराईत एका अपडेटने तारीख निवडायचं कॅलेंडर मोडलं आणि काकांनी मला फोनवर उभंआडवं घेतलं होतं. तेव्हापासून ठरवलं की सीझन संपल्यावरच हात लावायचा. आता बोला.

तर्री_जास्त — सोमवार, दुपारी १:०८

काय बोलू? माझंही बंदच आहे. जाऊन चालू करतो.

बेसारोडवाला — मंगळवार, रात्री १२:३०

साफसफाईचा वृत्तान्त. नुसतं अपडेट करून भागणार नव्हतं. अपडेटने दार बंद होतं, आत आलेला पाहुणा जात नाही.

तिसरं खातं काढलं. त्याला लपवणारा कोड "मस्ट यूज" प्लगइनच्या फोल्डरात होता. तिथले प्लगइन नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, वेगळ्या टॅबमध्ये असतात. अपलोड्समध्ये लग्नाच्या फोटोंच्या गर्दीत एक पीएचपी फाइल, नाव फोटोसारखंच. वर्डप्रेसच्या मूळ फाइल्स अधिकृत चेकसमशी, म्हणजे फाइल बदलली की बदलणाऱ्या आकड्याशी, ताडल्या, त्या ठीक निघाल्या. मग सगळं पुसलं असं समजून चहा प्यायलो. परत येऊन बघतो तर ती फाइल पुन्हा हजर! वर्डप्रेसच्या वेळापत्रकात, क्रॉनमध्ये, एक काम लावून ठेवलं होतं, तासातासाला फाइल नसेल तर नवी आण. ते काढलं. कॉन्फिगच्या फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदलल्या, त्याने सगळ्यांची लॉगिनं एका झटक्यात तुटतात. काका लगेच फोनवर, "मले बाहेर काऊन काढलं?"

वकीलसाहेब_सिव्हिल_लाइन्स — मंगळवार, सकाळी १०:१५

एक विचारतो, फॉर्ममधली नावं आणि मोबाईल नंबर त्या माणसाच्या हाती गेले का? सर्ट-इनचे, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या. वेबसाइटमध्ये शिरून फेरफार करणं त्या यादीत आहे. "आम्ही काय मोठी कंपनी आहोत का" असं म्हणू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमात बॉडी कॉर्पोरेटच्या व्याख्येत एकट्या मालकाचा धंदाही येतो.

बेसारोडवाला — मंगळवार, सकाळी ११:००

६ तास तर कधीच उलटले साहेब. तरी काकांच्या नावाने कळवतो आजच. नंबर गेले का हे लॉगवरून ठरत नाही, प्रशासक होता म्हणजे बघू शकत होता. काकांनी चौकशी केलेल्या सगळ्यांना फोन लावायला घेतलाय, की आमच्या नावाने कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. ८० च्या वर फोन आहेत. माणूस मोठा आहे, मला एक शब्द बोलला नाही.

पोट्टा_खामल्याचा — मंगळवार, दुपारी ३:३०

आता तरी प्लगइनचं नाव सांग ना भाऊ. आम्हीपण तोच वापरून राहिलो असलो तर?

बेसारोडवाला — मंगळवार, दुपारी ४:१०

त्याचंच सांगायचं राहिलं. नव्या आवृत्तीत नोंदीचं पान दुरुस्त आहे. पण तिथे "प्रिंट" असं बटण आहे, त्याने वेगळं पान उघडतं, आणि त्या पानावर ब्राउझरची ओळख अजूनही कच्चीच छापली जाते. माझ्या चाचणी साइटवर करून पाहिलं, चाललं. म्हणजे भोक अर्धंच बुजवलंय. नाव इथं टाकलं तर बनवणाऱ्याच्या आधी चोर वाचेल. त्याला आणि भांडाराच्या प्लगइन टीमला खाजगीत लिहिलंय. दुरुस्ती आली की नाव, आवृत्ती सगळं इथंच टाकतो. तोवर कुठलाही फॉर्म प्लगइन असो, नोंदींचं प्रिंट बटण प्रशासकाच्या खात्यातून दाबू नका.

जुनंखोड — मंगळवार, दुपारी ४:२५

बरोबर केलंत. मीही कुणाच्या फॉर्मवर करून बघणार नाही, आणि इतरांनीही दुसऱ्याच्या साइटवर हात चालवू नये.

बेसारोडवाला — शुक्रवार, रात्री ९:२०

बनवणाऱ्याचं उत्तर आलं, मान्य केलं, दुरुस्ती चालू आहे म्हणाला. तोवर ब्राउझरची ओळख साठवायचीच बंद करून टाकली. जुगार गेला, चार वेगवेगळ्या फोनवर गुगलमधून पाहिलं.

आज संध्याकाळी शेवटची चाचणी म्हणून फॉर्म स्वतः भरला. नावात मुद्दाम कोनी कंस आणि अक्षर जाड करायचा निरुपद्रवी टॅग, पुढे "ठळक पाहुणे". पाहुणे ०. तारीख उगाच १४ फेब्रुवारी. नोंदीत नाव कंसांसकट जसंच्या तसं दिसलं, जाड झालं नाही, म्हणजे पास. आणि नोंद पुसायची विसरलो.

तासाभराने फोन. काका. "अबे, १४ फेब्रुवारीले एक पार्टी आली, आडनाव ठळक, पाहुणे शून्य म्हणते. तुह्याच नंबरवरून काऊन आली?"

तर्री_जास्त — शुक्रवार, रात्री ९:३१

😂😂 बरं, विषयांतर माफ. साळ्याचं जमलंय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्यालय रिकामं आहे का ते काकांना विचारून सांग ना. फॉर्म भरायची हिंमत होऊन नाही राहिली.